काळी पाचमधला मेळा

बेळगावातल्या खासबागच्या मारुतीरावांना त्या वर्षी ढाल मिळाली असती तर ती कायमचीच मिळाली असती. गणपतीत पदं म्हणणाऱ्या मेळ्यांच्या सामन्यात जो मेळा लागोपाठ तीन वर्षं पहिला येईल त्यानं चांदीची ढाल घरी ठेवून घ्यायची, असा नियम होता, आणि मारुतीरावांच्या शारदाप्रसाद मेळ्यानं ती दोनदा आणलेली होती. तिसऱ्यांदा आली की ती दारासमोरच्या भिंतीवर लागणार, आणि दिवाळीनंतर म्युनिसिपालटीची निवडणूक, तिला ते उभे. येणाऱ्याजाणाऱ्याला चहा पिता पिता ढाल दिसणार, वेगळं काही बोलावं लागणार नाही. शिवाय शहापूरचा मेळा त्यांच्या सख्ख्या मेहुण्याचा. या मेहुण्यानं एकदा बारशाच्या पंगतीत, "आमच्या दाजींचा मेळा म्हंजे नुस्ता दणका," असं म्हणून पंगत हसवली होती. त्या हसण्याचा हिशेब मारुतीरावांनी कुणाला सांगितला नव्हता, पण खासबागेत तो सगळ्यांना ठाऊक होता.

एवढं सगळं मिळवायला घालायचं काय होतं? पोरांचा चहा, रघुवीरबुवांचं मानधन आणि तालमीला जागा. जागा म्हणजे त्यांचा मागाचा सोपा, घराची पुढची लांब पडवी. मारुतीरावांचे साड्यांचे माग होते, आणि तालीम चालली म्हणून माग थांबवायचे नाहीत असा त्यांचा दंडक होता. "पोरं गात्यात तोंडानं, माग चालतोय हातापायानं," ते म्हणायचे. "एकाचा दुसऱ्याला कसला आलाय तरास?" उलट यात त्यांना फायदाच दिसायचा. तेव्हा सभेत कर्णा असायचा तो पुढाऱ्यांसाठी. मेळ्यातल्या पोरांना आपापला गळा. मागाच्या खटक्यावरून ज्याचा आवाज पलीकडं जाईल त्याचा मांडवातल्या शेवटच्या ओळीत जाणारच, हे त्यांचं गणित.

राहिला मालूचा गळा. तो मारुतीरावांचा नव्हता, म्हणून त्यांनी तो खर्चात धरला नव्हता.

मालू पंधरा वर्षांची. तिचा बाप परशराम मूळचा कडोलीचा. शेत भाऊ बघायचा, आणि परशराम बेळगावच्या कोर्टात पट्टेवाला होता. राहायला मारुतीरावांच्याच चाळीत दोन खोल्या आणि मागं एक म्हैस. मालूचा आवाज या म्हशीनं तयार केला असं तिची आई जयाबाई सांगायची. पोरगी मागच्या दारात उभी राहून हाक मारायची आणि ओढ्यापलीकडं चरणारी म्हैस मान वर करायची. ही हाक मारुतीरावांनी ऐकली आणि दुसऱ्याच दिवशी मालू मेळ्यात आली. दोन्ही वर्षं ढाल तिच्या हाकेनं आली होती.

त्या हाकेचं गाणं करायचं काम रघुवीरबुवांकडं होतं. बुवा शहापूरचे, जाणते, नाटक कंपन्यांतून हिंडून आलेले. शिकवायचे मन लावून. गळा आवळू नको, श्वास खांद्यानं घेऊ नको, पोट भरून घे, सूर ओढून आणू नको, त्याला येऊ दे. पण बुवांना मारुतीरावांसमोर 'नाही' म्हणता येत नसे. मेळ्याचं मानधन हा त्यांचा पावसाळ्याचा आधार, आणि निपाणीचा जर्दाही मारुतीरावांच्या डब्यातला. दुसऱ्याच्या घशाला काय चालत नाही याची मोठी यादी त्यांना पाठ होती. त्यात जर्दा नव्हता.

पेटीच्या ज्या पट्टीवर 'सा' धरून माणसाला सुखानं गाता येतं ती त्याची पट्टी. मालूची होती काळी तीन. मेळा गायचा तिच्याहून चढ्या काळी पाचमध्ये. का, तर तिथून आवाज टोचतो आणि टोचला म्हणजे लांब जातो, असं मारुतीरावांचं म्हणणं. पहिल्या वर्षी बुवा म्हणाले होते, "पट्टी थोडी उतरवली तर..." मारुतीरावांनी विचारलं होतं, "ढाल उतरल का मग?" त्यानंतर बुवांनी तो विषय काढला नाही.

ज्येष्ठ सरता सरता मालूचा आवाज बसला. सकाळी बरा, तालीम झाली की खरखरीत, आणि मग सकाळीही खरखरीत. चाळीत बातमी पोचायला वेळ लागला नाही, आणि औषधांची रांग लागली. शेजारच्या नागुबाईनं ज्येष्ठमधाच्या काड्या आणल्या, कोणी खडीसाखर आणली, कोणी अडुळशाचा काढा. कोणी सांगितलं दही बंद कर, कोणी सांगितलं चिंच बंद कर, आणि नागुबाईनं दोन्ही बंद करून वर तूप चालू केलं. मारुतीरावांनी स्वतः डॉक्टरांकडं पाठवलं. डॉक्टरांनी कपाळावर आरसा बांधून घशात बघितलं, तपकिरी औषध लावलं आणि म्हणाले, "सूज आहे. बोलायचं नाही, गायचं नाही. बाकी काही खाल्लं तरी माझी हरकत नाही." शेवटच्या वाक्यानं त्यांनी चाळीतली पत घालवली.

बुवांनी तिला एकदा घरी बोलावलं. माग नाहीत, पेटी नाही, नुसता तंबोरा. "मोठ्यानं गा," म्हणाले. मालूनं वरचा सा लावला. थोडा खरखरला, पण लागला.

"आता तोच हळू. झोपलेल्या पोराशेजारी बसल्यासारखा."

मालूनं तोंड उघडलं. आधी नुसता वारा आला, सूर मागून आला आणि मध्येच तुटला. तिनं पुन्हा केलं. पुन्हा वारा.

"घाबरू नकोस," बुवा म्हणाले, आणि त्यांचाच चेहरा उतरला. "मोठा आवाज लबाड असतो, पोरी. आत बिघडलेलं असलं तरी जोर लावून झाकतो. हळू लावलास की खरं कळतं. तुझा गळा यंदा मोडेल तरी किंवा घडेल तरी. या वयात मुलींचाही थोडा फिरतो. आत्ता त्याला ओरबाडलंस तर जन्माची खरखर राहील."

"बुवा, मग मी काय करू?"

"हे आत्ता विचारलंस तेही करायचं नाही. गप्प बसायचं. घसा खाकरायचाही नाही."

मालूनं मान हलवली. तिला गाणं हवं होतं. ढाल बघायला तिला कधी कोणी बोलावलं नव्हतं, ती मारुतीरावांच्या माडीवर असायची. पण वरचा सा लागला की अंगातून काहीतरी सरळ उभं राहतं, तेवढं तिचं होतं, आणि ते आता वाऱ्यावर गेलेलं तिनं स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं.

पण गप्प बसणार कुठं? जयाबाई कळवळून म्हणाली, "पोरगी गप बसली तर म्हस कोन बलवायची? बापाला दुपारचा डबा सांगायचा, पान्याच्या नळावर पाळी सांगायची, समदं हिच्याच तोंडावर चाललंय की." मालूनं दोन दिवस धरलं. मग कुजबुजायला लागली. नळावर कुजबुज, चुलीपाशी कुजबुज, म्हशीच्या कानातसुद्धा कुजबुज. आणि जो तो तिला बोलायला लावायचाच. नागुबाई रोज विचारायची, "आता कसं हाय गं घशाला?" आणि उत्तर मिळेपर्यंत हलायची नाही.

बुवांनी हे ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "अहो, कुजबुजणं ओरडण्याइतकंच वाईट. वारा घासत जातो नुसता." मग थोडा वेळ पान चघळून ते म्हणाले, "जयाबाई, परवा एकादशी. चातुर्मास लागतो. बायका नेम धरतात की नाही? कुणी मीठ सोडतं, कुणी मौनानं जेवतं. पोरीला मौनाचा नेम धरायला लावा. डॉक्टरचं कुणी मानत नाही, माझं कुणी मानत नाही. देवाचं मानतील."

बुवांच्या मनात होतं गोकुळाष्टमीपर्यंत. घसा निवेल, मग हळूहळू गुणगुण, मग गणपती. मारुतीरावांनाही त्यांनी असंच समजावलं आणि मारुतीराव खूष झाले. पोरगी गप्प बसणार, आवाज भरणार, आणि खर्च काही नाही.

अडचण एवढीच झाली की अष्टमीची मुदत बुवांनी मारुतीरावांना सांगितली, जयाबाईला सांगायची राहिली.

जयाबाई मालूला घेऊन कडोलीला गेली. गावदेवापुढं नारळ ठेवला. रवळू गुरवानं देवाच्या अंगावर कौलाची फुलं लावली आणि गाऱ्हाणं घातलं, "ही तुझी लेक चार म्हैने तोंडातनं सबूद काडनार न्हाय, तिचा गळा तू राख." उजवं फूल टपकन पडलं, म्हणजे देवाचा होकार. जयाबाईनं बोलून टाकलं की कार्तिकातल्या एकादशीला नेम सुटला की देवळात घंटा बांधीन. मौनाच्या नेमाला घंटेचंच दान लागतं.

मग मात्र खरोखरच शांत झालं. जी नागुबाई उत्तर घेतल्याशिवाय हलत नव्हती ती आता मालू दिसली की स्वतःच ओठांवर बोट ठेवायची. नळावर कुणी चुकून काही विचारलंच तर चार बाया त्याच्या अंगावर जायच्या, "नेम हाय तिचा, पाप लागंल तुला." परशराम हाकेची वाट न बघता उठून डबा घ्यायचा. म्हशीसाठी जयाबाईनं एक फुटका पितळी डबा बडवायला घेतला. म्हैस आठवडाभर रुसली आणि मग यायला लागली. मालूला पहिले दिवस जड गेले. मग तिला त्यात एक सोय सापडली. आपल्याला कुणी काही विचारत नाही, आणि आपण मात्र सगळ्यांचं ऐकतो.

श्रावणात बुवांनी तिला गुणगुणायला सांगितलं. तोंड मिटून, काळी तीनमध्ये, ओठांवर मुंग्या येतील एवढंच. जयाबाई विचारात पडली. मग म्हणाली, "तोंड मिटलेलं हाय न्हवं? मग देवाला काय ऐकू जात न्हाय." मालू भाकऱ्या थापताना गुणगुणायची. खालचे सूर स्वच्छ झाले. मधले झाले. वर जाताना अजून एके ठिकाणी पाय अडखळल्यासारखं व्हायचं. ते फक्त तिला कळायचं.

अष्टमी झाली. दुसऱ्या दिवशी मारुतीराव पेढे घेऊन दारात हजर.

"मग मालूबाई, सोडा की नेम. तालमीला उद्यापास्नं या."

जयाबाईनं पेढे घेतले आणि म्हणाली, "अण्णा, नेम कार्तिकात सुटनार."

"कार्तिकात?" मारुतीराव हसले. "गनपती भाद्रपदात येतोय, वैनी."

"येऊ दे की. चातुर्मास म्हंजे चार म्हैने. देवाला कोन दीड म्हैना देतंय व्हय?"

मारुतीराव तसेच बुवांकडं गेले. बुवांनी सांगितलं की हो, माझ्या मनात अष्टमीच होती, पण आता देवाचं काम, त्यात मी कोण. मारुतीराव माघारी आले आणि त्यांनी जयाबाईला व्यवहार सांगितला. उद्यापन आजच करा, घंटा माझी, तुम्ही बांधणार त्याच्या दुप्पट वजनाची.

"घंटा आमची आमी बांधू," जयाबाई म्हणाली.

मग ते टांगा करून कडोलीला गेले. रवळूनं त्यांच्यासाठीही कौल लावला. उजवं फूल पडलं तर पोरीला मोकळी करायची, डावं पडलं तर नाही. मारुतीराव हात जोडून बसले. फूल उजवं पडेना, डावं पडेना. सकाळची दुपार झाली, टांगेवाला दोनदा डोकावून गेला.

"गुरवा, काय म्हनतोय द्याव?"

रवळू म्हणाला, "काय बोलंनाच झालाय. त्यानंबी नेम धरलाय जनू."

परतल्यावर मारुतीरावांनी परशरामाला गाठलं. परशराम कोर्टातला माणूस, आणि त्यांच्याच खोल्यांत राहणारा. "परशराम, गाऱ्हान्यात काय म्हटलंय? सबूद काडनार न्हाय. म्हंजे बोलनार न्हाय. गानार न्हाय असं कुठं म्हटलंय? आनि गानं तरी कुनाचं, गनपतीचं. ह्या देवाचं गानं त्या देवाला का खुपल?"

हा मुद्दा परशरामाला पटला. कोर्टात यापेक्षा बारक्या मुद्द्यावर निकाल फिरलेले त्यानं दाराशी उभं राहून ऐकले होते. रात्री जेवताना त्यानं तो बायकोसमोर मांडला. जयाबाईलाही नाही म्हणता येईना. दोघांनी मालूकडं बघितलं.

"तूच सांग बाये," परशराम म्हणाला. "खोली त्यांची हाय, ढाल त्यांची हाय, पर गळा तुजा हाय. जाशील?"

मालूनं घास खाली ठेवला. तोंड मिटून खालपासून वरपर्यंत गुणगुणत गेली. खालचं स्वच्छ, मधलं स्वच्छ, आणि वर, जिथं पाय अडखळायचा, तिथं आजही अडखळला. बापाला काही कळलं नाही. तिनं मात्र त्या जागेवर, गळ्याच्या खळगीत, बोट ठेवलं आणि मान हलवली. नाही.

"बरं," परशराम म्हणाला, आणि नवी खोली कुठं मिळते याची चौकशी मनातल्या मनात सुरू केली.

मारुतीरावांनी खोली परत मागितली नाही, एवढं त्यांच्या जमेला धरलं पाहिजे. त्यांनी दुसरा हिशेब केला. त्यांची स्वतःची मुलगी लतिका, मालूपेक्षा वर्षानं लहान, मेळ्यात मागच्या ओळीत गायची. आवाज पातळ पण गोड, सुरात पक्की. दोन वर्षं ती मालूच्या पाठीकडं बघत उभी होती. बापानं पुढं उभं राहायला सांगितलं तेव्हा ती रात्रभर झोपली नाही.

बुवांनी तिचा गळा ऐकला आणि बाजूला जाऊन म्हणाले, "मारुतीराव, हिला काळी तीनसुद्धा जरा चढीच होते. हिच्यासाठी तरी..."

"बुवा, बाकीची समदी पोरं काळी पाचात बसल्यात. आनि शेवटच्या वळीला काय ऐकू जानार? मालू कशी गायची?"

"मालू बसली ना घरी."

"ती नेमानं बसली," मारुतीराव म्हणाले.

बुवांनी कोणताही नेम धरलेला नव्हता, तरी ते यापुढं गप्प बसले. जर्द्याचा डबा त्यांच्या हातात होता.

तालीम जोरात सुरू झाली. लतिकाला मागाच्या खटक्यावरून आवाज काढायचा होता, आणि तिनं काढला. सुताची फुई, बारीक तूस, उडत होती, माग चालत होते, आणि तिच्या मानेच्या शिरा दोरासारख्या वर यायला लागल्या. मारुतीराव सोप्याच्या दुसऱ्या टोकाला उभं राहून हात वर करायचे, म्हणजे ऐकू आलं. ऐकू आलं की लतिकाच्या तोंडावर उजेड पडायचा. चार दिवसांत ती घसा खाकरायला लागली.

मालू धुण्याचं गाठोडं घेऊन सोप्यावरून जायची. एके दिवशी ती दारात थांबली. लतिका कडव्याच्या शेवटच्या ओळीत वर चढत होती, आणि सुराच्या आधी वारा येत होता. मागाच्या आवाजात तो कुणाला ऐकू येण्याजोगा नव्हता. मालूला तो आला, कारण कशाकडं कान द्यायचा हे तिला ठाऊक होतं.

तिनं गाठोडं खाली ठेवलं, आत गेली आणि पहिल्या मागावर बसलेल्या मष्णूच्या हातावर हात ठेवला. मष्णू विणकर गोंधळून थांबला. तिनं दुसरा माग थांबवला, मग तिसरा. मारुतीरावांच्या सोप्यात दिवसाउजेडी माग थांबले हे त्यांच्या लग्नानंतर प्रथमच झालं असेल. सगळं शांत झालं आणि त्या शांततेत लतिकाचा आवाज एकटा पडला. फाटका, भोकं पडलेला. लतिकानं तो ऐकला आणि मध्येच तोंड मिटलं.

मालूनं तिच्यासमोर जाऊन स्वतःच्या गळ्यावर बोट ठेवलं. मग पंजा पालथा करून खाली, खाली, असा नेला. खाली घे. पेटीकडं बोट केलं, काळ्या पट्टीवर, तिसऱ्या. मग ओठांवर बोट ठेवलं.

लतिकाच्या डोळ्यांत पाणी आलं ते रागाचं. "मला गप बस म्हनतेस? दोन वर्सं तू गायलीस, मी कदी म्हटलं गप बस? आता माज्या बापानं मला फुडं हुबं केलं तर जळालीस व्हय गं?"

मालू जोरानं मान हलवत राहिली. पुन्हा गळा, पुन्हा खाली.

"काय म्हनालीस काय की," लतिका म्हणाली. "आमाला न्हाय कळत खुना."

तेव्हा मारुतीराव पुढं आले. आवाज गोड करून म्हणाले, "मालू, काय सांगायचंय ते तोंडानं सांग की. एक सबूद. कोन रागवनार न्हाय. बोल."

सगळा सोपा बघत राहिला. बुवा पेटीवर नजर लावून बसले. मालूनं श्वास घेतला, खांद्यानं नाही, पोटानं, बुवांनी शिकवला होता तसा. एक शब्द पुरला असता. पण मारुतीरावांच्या डोळ्यांत तिला दिसलं की त्यांना तो कुठलाही चालेल. शब्द निघाला की नेम मोडला, नेम मोडला की गायला हरकत काय, आणि मग लतिका मागच्या ओळीत आणि ती पुढं, काळी पाचमध्ये, त्या अडखळत्या जागेवर रोज. लतिकाला वाचवायचं तर तिची जागा घ्यायची, दुसरा रस्ता कुणी ठेवलेला नव्हता.

मालूनं घेतलेला श्वास हळू सोडला. बुवांकडं बघितलं. बुवांनी वर बघितलं नाही. ती गाठोडं उचलून निघून गेली, आणि तिच्या पाठीमागं मारुतीराव मष्णूला म्हणाले, "बसलास काय? चालव की."

सामन्याच्या दिवशी मांडव भरून गेला होता. शहापूरच्या मेळ्यानं आधी गाऊन घेतलं. त्यांच्याकडं आवाज बेताचे होते, पण पेटी खालच्या पट्टीत होती आणि पोरं हसतमुख गात होती. लतिकानं पहिलं पद दणक्यात म्हटलं. शेवटच्या ओळीतून टाळ्या आल्या. मारुतीरावांनी मेहुण्याकडं बघून घेतलं. दुसरं पद आरतीसारखं संथ, हळू म्हणायचं. लतिकानं तोंड उघडलं आणि नुसता वारा आला. तिनं पुन्हा उघडलं. पुढच्या ओळीतल्या एका पंचानं कान पुढं केला. मागच्या पोरांनी कसंबसं पद ओढून नेलं. लतिका शेवटपर्यंत ओठ हलवत उभी होती, कारण बापानं सांगितलं होतं की काही झालं तरी जागा सोडायची नाही.

ढाल शहापूरला गेली. मेहुणा मारुतीरावांना सगळ्यांसमोर वाकून नमस्कार करून गेला, ते जास्त लागलं.

डॉक्टरांनी लतिकाला तेच सांगितलं जे मालूला सांगितलं होतं. मारुतीरावांनी मान डोलावली. पण चातुर्मास अर्धा होऊन गेला होता, आणि मध्येच कसला नेम धरायचा? घरात येणारीजाणारी माणसं पुष्कळ, निवडणुकीची धांदल, चहा सांगायचा, पानं सांगायची. लतिका कुजबुजून सांगायची.

कार्तिकातल्या एकादशीनंतर जयाबाईनं कडोलीच्या देवळात घंटा बांधली. लहानशीच, पण नादाला चांगली. मालूनं ती वाजवली. चार महिन्यांनी पोरगी काय बोलते हे ऐकायला बायका जमल्या होत्या. रवळू गुरव देवाचं नाव घे म्हणाला. मालूनं देवाचं नाव घेतलं आणि पुढचं वाक्य म्हणाली, "आये, म्हस घरी कोन बांदनार हाय?" बायकांची निराशा झाली.

बुवांकडं तिनं तंबोऱ्यावर वरचा सा लावला. हळू. झोपलेल्या पोराशेजारी बसल्यासारखा. सूर आला, आणि त्याच्या आधी काही आलं नाही. बुवांनी डोळे पुसले. मालूनं विचारलं, "बुवा, लतिकाला तुमी का सांगितलं न्हाय?" बुवा तंबोऱ्याची खुंटी पिळत बसले. सुरात असलेली तार त्यांनी उतरवून पुन्हा चढवली.

तिथून मालू सरळ मारुतीरावांच्या माडीवर गेली. "लतिका, कुजबुजू नको," हे तिथलं तिचं पहिलं वाक्य. "खाकरू नको. तोंड मिटून गुनगुन, खालच्या पट्टीत, मी बसते संगं." लतिका फाटक्या आवाजात म्हणाली, "हे तवा म्हनायचीस न्हवं." मालू तिच्याशेजारी बसली. लतिकानं गुणगुणून बघितलं. खालचे दोन सूर लागले, त्यावर काही नाही. मालू वर्षभर जात राहिली. तिसरा सूर आला नाही.

पुढं मालू मुलींच्या एका शाळेत गाणं शिकवायला लागली. मालुबाई म्हणून तिचं नाव झालं. मुलगी नवी आली की ती आधी खिडक्या लावून घ्यायची, मग तिला हळू गायला सांगायची, आणि पट्टी ठरवायची ती त्यानंतर. आवाज लांब जात नाही अशी हेडबाईंची तक्रार असायची. मालुबाई म्हणायची, ऐकणाऱ्याला जवळ बसवा.

आता हे कुणाला केवढ्याला पडलं ते बघायचं. मारुतीरावांची ढाल गेली, पण निवडणूक ते जिंकले. मुलीच्या घशाचं ऐकून लोकांनी कळवळ्यानं मतं दिली असं म्हणतात. बुवांचं मानधन पुढच्या वर्षीही चालू राहिलं, जर्दाही. मालूनं चार महिन्यांचं बोलणं घातलं आणि एक न बोललेला शब्द घातला. पहिलं तिला व्याजासकट परत मिळालं, दुसरं मिळालं नाही. जयाबाईला एक घंटा पडली. माग एक दिवस थोडा वेळ थांबले, तेवढं सूत मष्णूनं संध्याकाळी भरून काढलं. बाकी सगळं लतिकानं भरलं. तिची पट्टी कुठली, हे तिला शेवटपर्यंत कुणी विचारलेलं नव्हतं. सोप्यात बापाला जेवायला बोलवायला जायची तेव्हा तिची हाक मागाच्या आवाजात पोचायची नाही. ती जवळ जाऊन त्यांच्या खांद्याला हात लावायची.